आधी घरातली माणसे मोजा, मग ओटा

स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले की घरात सगळ्यात आधी कॅटलॉग येतो. चकचकीत शटर, ओढताच सरकणारे खण, रंगांच्या पट्ट्या. पाठोपाठ मोजमाप घेणारा येतो. तो फीत काढून भिंतींची लांबी घेतो, खिडकीचा चौकोन घेतो, नळ कुठे आणि मोरी कुठे याची नोंद करतो. खोली इंचाइंचाने मोजली जाते. त्या खोलीत रोज तीन-चार तास उभी राहणारी बाई किती उंच आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. घरात भाकरी होते की पोळी, सकाळच्या डब्यांच्या घाईत ओट्याशी एक जण असतो की दोघे, महिन्याचे पीठ पाच किलो लागते की पंचवीस, याची चौकशी होत नाही. खोलीवरून स्वयंपाकघर ठरते आणि माणसांनी पुढची वीस वर्षे त्यात स्वतःला बसवून घ्यायचे असते.

हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी चंदीगडच्या सेक्टर २२ चे उदाहरण फार उपयोगी पडते.

फाळणीत लाहोर पलीकडे गेले आणि पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी झाली. १९५० च्या अखेरीस प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा वास्तुविशारदांच्या शोधात युरोपात गेले. तिथून ल कॉर्ब्युझिए, पिएर जानेरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे ब्रिटिश दांपत्य या कामात आले. त्यांच्या हाताखालच्या भारतीय चमूत ए. आर. प्रभावळकर यांच्यासारखे मराठी नावही होते. कॉर्ब्युझिए यांच्या वाट्याला शहराचा आराखडा आणि कॅपिटॉलच्या भव्य इमारती आल्या. माणसांनी राहायची घरे मुख्यतः जानेरे, फ्राय आणि ड्रू यांच्याकडे आली. सेक्टर २२ हा सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या सेक्टरांपैकी एक. घरे, शाळा, बाजार आणि फ्राय यांनी रेखलेले किरण थिएटर, असा भरलेला संसारच तिथे मांडला गेला.

यात जेन ड्रू यांचे नाव आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या ब्रिटनमधल्या गॅस उद्योगाच्या स्वयंपाकघर-रचनेच्या सल्लागार होत्या. कमी पावलांत, कमी श्रमांत काम व्हावे अशा स्वयंपाकघराचा अभ्यास पाठीशी घेऊनच त्या पंजाबात आल्या. ब्रिटिश स्वयंपाकघराचा तयार नमुना इथे छापून टाकणे त्यांना सर्वांत सोपे होते. सेक्टर २२ मधली घरे मात्र तशी झाली नाहीत. उन्हाळ्यात माणसे उघड्यावर झोपतात, कामे अंगणात आणि ओसरीत सांडतात, हे धरून त्या चमूने मागे अंगण दिले, व्हरांडा दिला, वारा येईल पण ऊन अडेल अशी विटांची जाळी दिली. सरकारी घरांचे दर्जाप्रमाणे तेरा प्रकार होते. त्यांतल्या सर्वांत खालच्या, शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, वेगळे स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, नळ आणि वीज मिळाली. ज्या काळात असंख्य घरांत चूल आणि अंथरूण एकाच खोलीत होते, त्या काळात हे घडले.

आता जे ‘आधी माणसे, मग ओटा’ या मताच्या विरुद्ध आहेत त्यांचे म्हणणे एकेक करून पाहू.

पहिले म्हणणे असे, की मॉड्युलर स्वयंपाकघर हे शास्त्रीय असते. तज्ज्ञांनी पावले मोजून ते तयार केले आहे, त्यात घरच्यांनी आपली अक्कल चालवू नये. यात अर्धे खरे आहे. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर रेखले. रेल्वेच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघराचा आदर्श त्यामागे होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली आणि आजच्या सगळ्या मॉड्युलर मांडणीचे मूळ तिथे आहे. पण त्याच स्वयंपाकघरावर मोठा आक्षेपही आहे: त्यात एकच बाई मावत असे. मदतीला दुसरे माणूस उभे राहू शकत नव्हते आणि मुलाला जवळ खेळत ठेवायला जागा नव्हती. ते कसलेले डिझाइन होते, फक्त घर एका माणसाच्या कामावर चालते असे त्यात गृहीत धरले होते. ज्या घरात सून पोळ्या लाटते, सासू फोडणी घालते आणि नवरा डबे भरतो, त्या घराला ते गृहीतक लावले की तिघे एकमेकांना धडकणारच. शास्त्राची हाक देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की या शास्त्राचा पाया निरीक्षणाचा आहे. लिलियन गिलब्रेथ यांनी १९२९ साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी आदर्श स्वयंपाकघर केले, तेव्हा काम करणाऱ्या बाईच्या हालचाली टिपल्या आणि ओट्याची उंची तिच्या उंचीप्रमाणे असावी असे सांगितले. त्यांचे निष्कर्ष उचलायचे आणि त्यांची पद्धत टाकून द्यायची, याला शास्त्र म्हणता येत नाही.

दुसरे म्हणणे त्रिकोणाचे. शेगडी, सिंक आणि फ्रिज या तीन टोकांमधल्या अंतरांची बेरीज सुमारे चार ते आठ मीटर असावी, हा नियम अमेरिकेत १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून रूढ झाला. भाजी फ्रिजमधून काढा, सिंकमध्ये धुवा, शेगडीवर टाका, अशा स्वयंपाकाला तो चोख लागू पडतो. आपल्या स्वयंपाकाची रहदारी मात्र वेगळी आहे. पिठाचा डबा, परात, पोळपाट, मिसळणाचा डबा, कुकर, मिक्सर आणि खरकट्या भांड्यांचा ढीग ही आपली खरी टोके आहेत. फ्रिज दिवसातून दहा वेळा उघडतो आणि मिसळणाचा डबा तीस वेळा. त्रिकोण बिनचूक जमला, पण पीठ खालच्या कोपऱ्यातल्या खणात गेले, तर वाकून कंबर दुखणार हे ठरलेले. त्रिकोण तपासायला जरूर वापरावा, पण सुरुवात त्याच्यापासून करू नये.

तिसरे म्हणणे सर्वांत घातक, कारण ते बिनदिक्कत स्वीकारले जाते. ‘ओटा स्टँडर्ड उंचीचा आहे.’ कोणाच्या मापाने स्टँडर्ड?

हिशेब सोपा आहे. उभ्या माणसाचे कोपर जमिनीपासून त्याच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर असते आणि चिरण्या-कापण्याचे काम कोपराच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली सुखाचे होते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे कोपर ९६ वर आणि ओटा ८१ ते ८६ वर, अर्थात ३२ ते ३४ इंचांवर. परदेशी मापाचा ९० सेंटिमीटरचा ओटा तिच्यासाठी उंच पडतो. त्याच घरात १७० सेंटिमीटर उंचीचा मुलगा स्वयंपाक करत असेल, तर त्याचे कोपर १०७ वर येते आणि त्याला ओटा ९२ च्या वर हवा. दोघांत दहा-अकरा सेंटिमीटरचा फरक आहे आणि दोघांचे म्हणणे बरोबर आहे.

आता हाच हिशेब भाकरीला लावून पाहा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून कढत पाणी घालून, तळहाताची टाच परातीत रुतवून, खांद्याचा जोर देत ते रगडावे लागते आणि प्रत्येक भाकरीचा गोळा पुन्हा मळून घ्यावा लागतो. मग थापणे: बोटे जुळवून, परात फिरवत, कडेकडेने. परातीचा काठच पाच-सात सेंटिमीटरचा. ती ९० सेंटिमीटरच्या ओट्यावर ठेवली की १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा तळवा कोपराच्या पातळीला येतो. अंगाचे वजन हातावर येतच नाही, त्यामुळे खांदे उचलून दंडांनी जोर लावावा लागतो. पाच माणसांच्या दहा भाकऱ्या म्हणजे हा प्रकार रोज दहा वेळा. सत्तरीची आजी खाली पाट घेऊन भाकऱ्या थापायला बसते ती जुन्या सवयीचा हट्ट म्हणून नव्हे. तिच्या अंगाला नेमकी उंची कळलेली असते. भाकरीसाठी ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीचा एक हातभर तुकडा, ओढून काढता येईल असा, ठेवला तर तिला पाट लागणार नाही.

सेक्टर २२ मधल्या पंजाबी घरातही गणित हेच आहे, पदार्थ तेवढे बदलतात. हिवाळ्यात सरसोंचा साग मोठ्या पातेल्यात तास-दोन तास शिजतो आणि मग लाकडी रवीने वरून दाबत घोटायचा असतो. शेगडीची उंची आणि पातेल्याचा काठ मिळून ओट्याच्या वर तीस-चाळीस सेंटिमीटर होतात. घोटणाऱ्या बाईचा हात तेव्हा खांद्यापाशी गेलेला असतो. शेगडीपुरता ओटा दहा सेंटिमीटर खाली घेतला की हा त्रास कमी होतो. हे कुठल्याही छापील माहितीपत्रकात सापडणार नाही, साग करणाऱ्या बाईला विचारले तरच कळेल.

चौथे म्हणणे: भिंत पाडा, ओपन किचन करा, घर मोठे दिसते. दिसते, हे खरे. पण मिरचीची फोडणी आणि मासळीचा वास दिवाणखान्याच्या पडद्यांत जातो, अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या कानात मिक्सर घरघरतो. ज्या घरी माणसे जेवणाआधी ओट्याशी गप्पा मारत उभी राहतात तिथे भिंत जरूर पाडावी. जिथे दिवसात दोनदा तळण असते तिथे अर्धी भिंत, सरकते दार किंवा मधली खिडकी बरी. शिवाय सेक्टर २२ मधल्या सरकारी घराची भिंत राहणाऱ्याच्या मालकीची नसते, परवानगीवाचून ती पाडता येत नाही. खासगी घरांनीही मंजूर नकाशा आधी काढून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ रोजी चंदीगडच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या, एका कुटुंबाच्या घरांचे अपार्टमेंटमध्ये तुकडे पाडण्यास मनाई केली आहे. मजल्यागणिक वेगळे बिऱ्हाड मांडण्याच्या हेतूने नवे स्वयंपाकघर काढणाऱ्याने हा निकाल डोळ्यांआड करू नये.

उरला विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, माणसांच्या मापाने ओटा बांधला आणि उद्या सून आली, आई थकली, घर विकले, तर काय? ठरीव मापे स्वस्त पडतात, सुटे भाग मिळतात आणि सेक्टर २२ स्वतःच ठरीव नमुन्यांच्या घरांचा आहे. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण सेक्टर २२ ने ठरीव काय ठेवले ते पाहावे: भिंती, नळ, गटार, वीज, अंगण. ही घरे गॅस सिलिंडर घरोघर पोहोचण्याच्या आधीची. अंगीठी गेली, रॉकेलचा स्टोव्ह गेला, सिलिंडर आला, फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आला. स्वयंपाकाची साधने इतक्यांदा बदलली, तरी अंगण आणि जाळी कामाची राहिली. म्हणजे ठरीवपणा आणि घरची गरज यांचे वैर नाही. प्रश्न एवढाच, की पक्के काय करायचे आणि सैल काय ठेवायचे.

माझ्या मताचे मंडन इथूनच सुरू होते. पाण्याची जागा, सांडपाण्याचा उतार, गॅसची जागा, हवा बाहेर जाण्याची वाट आणि विजेच्या जोडण्या, या पाच गोष्टी पुन्हा हलवणे महाग पडते. त्या आधी आणि विचारपूर्वक ठरवाव्यात, खर्चाचा पहिला वाटा त्यांना द्यावा. मिक्सर, ओव्हन, किटली यांच्यासाठी लागतील त्याहून दोन सॉकेट जास्त आणि जड उपकरणांना सोळा अँपिअरचे द्यावेत. सिंकखालचे प्लायवूड पाण्यात टिकणाऱ्या आयएस ७१० प्रतीचे घ्यावे. बाकीचे, म्हणजे मांडण्या, खण, शटरचा रंग, हळूहळू आणि बदलता येईल असे करावे. ओटा एकाच उंचीचा अखंड न करता दोन उंचींचा केला, तर सून आली काय किंवा मुलगा स्वयंपाकाला लागला काय, दोघांची सोय होते.

गॅसच्या बाबतीत तर देखणेपणाला मुळीच झुकू नये. सिलिंडर दिसू नये म्हणून तो ओट्याखाली घट्ट शटरमागे कोंडतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो आणि बंद कपाटात साचत राहतो. म्हणून त्या शटरला अगदी तळाशी जाळी हवी, सिलिंडर उभाच हवा, शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीला हवी आणि त्या कप्प्यात विजेचे एकही बटण नको. रबरी नळी खणामागून लपवत न नेता डोळ्यांसमोर ठेवावी, म्हणजे तिला भेग पडली तर दिसेल. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिची तारीख शटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी.

स्वयंपाकघर नव्याने करू पाहणाऱ्या प्रत्येक घराला एक विनंती आहे. कारागीर बोलावण्याआधी आठ दिवस एक वही ओट्यावर ठेवा. कोण किती वाजता ओट्याशी असते, एका वेळी किती जण असतात, कोणता डबा किती वेळा निघतो, कुठे वाकावे लागते, कुठे टाचा उंचवाव्या लागतात, खरकटी भांडी कुठे साचतात, हे ज्याला सुचेल त्याने लिहावे. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही विचारा. सिंकपाशी सर्वांत जास्त वेळ बहुधा त्याच उभ्या असतात. आठव्या दिवशी रोज स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला भिंतीशी उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा आणि ते आकडे नकाशाच्या पहिल्या कागदावर, खोलीच्या मापांच्या वर, लिहून घ्या.