वैशाखातले रोप

आषाढ लागला, दोन पाऊस चांगले झाले, की आपल्या परभणी जिल्ह्यातील शाळाशाळांतून वृक्षारोपणाचा समारंभ होतो. खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, मुले रांगेने उभी राहून रोपे लावतात. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी देशात वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासूनची ही प्रथा. प्रथा चांगलीच आहे; परंतु पुढील वैशाखात त्याच जागी जाऊन पाहावे, तर पुष्कळ आळ्यांत वाळलेल्या काड्या तेवढ्या उभ्या असतात! हा काही दैवाचा दोष नव्हे. रोप निवडताना आपण आषाढाकडे पाहतो. पाहावयास हवे वैशाखाकडे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वैशाखात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्याही वर चढतो. त्यात आपली काळी जमीन. ही माती पावसात फुगते, चिकट होते व पाणी धरून ठेवते. उन्हात तीच आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडताना रोपाची कोवळी मुळे तटातट तुटतात, आणि जी उरतात त्यांना भेगेतून शिरणारी उष्ण हवा सुकवून टाकते. म्हणजे एकाच वर्षात चिखल आणि होरपळ, दोन्ही सोसणारे झाड आपणांस हवे.

अशी झाडे आपल्या शिवारातच आहेत. कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी जुनी पाने टाकतो आणि ऊन कडक होण्याच्या सुमारास नव्या पालवीची छाया धरतो. मात्र मुळाशी साचलेले पाणी त्यास मानवत नाही; म्हणून त्याला थोडी उंच जागा द्यावी. करंजाची सावली भर उन्हाळ्यात गर्द असते. गोदाकाठच्या खोल जमिनीत जांभूळ लावावे, जिंतूरकडील मुरमाड उतारावर पळस आणि बहावा. गुलमोहराविषयी लिहिले, तर कित्येकांना राग येईल. तो दिसतो सुंदर. पण त्याचे लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या कडाडून मोडतात. मुले खेळतात त्या अंगणात तो नसावा. तो मादागास्कर बेटावरून आला म्हणून मी हे म्हणत नाही; आपली चिंचही मूळची आफ्रिकेचीच, परंतु ती या मातीत शतकानुशतके टिकली. केवळ झपाट्याने वाढते म्हणून झाड निवडू नये. कोनोकार्पस असाच भराभर वाढतो, आणि २०२३ साली गुजरात शासनास त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली.

निवड झाली, तरी निगा उरतेच. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. भरताना काळ्या मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्यास मुळे वरच्या वरच राहतात. त्यापेक्षा दोनचार दिवसांनी घागरभर पाणी द्यावे. रोपाशेजारी साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर पाणी हळूहळू मुळांपाशी पाझरत राहते. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे आपले शेतकरी म्हणतात, ते उगीच नव्हे. वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात, आणि तिच्यावर वाळलेला पाला पसरला की ओल टिकते. तो पाला गोळा करून जाळणे हा तर शुद्ध अविचार होय. खोडाभोवती सिमेंटचा ओटा बांधणे हाही तसाच. पाणी मुरणार कोठून?

मुलांनो, खरी अडचण पुढेच आहे. ऊन सर्वांत प्रखर असते, तेव्हा शाळेला सुट्टी असते. पन्नास रोपांची हौस असेल आणि सुट्टीत गावात राहून पाणी घालणारे चारच विद्यार्थी असतील, तर रोपे आठच लावावीत. पाहुण्यांना ती थोडी वाटतील, वाटू द्यावीत. त्या चौघांची नावे आणि त्यांचे पाण्याचे वार मात्र समारंभापूर्वीच फळ्यावर लिहावेत.