विशेषणाने गिळलेले नाम

‘मखमली’, ‘कॉफीसारखी’, ‘चॉकलेटची आठवण देणारी’ अशी विशेषणे ओवली की आयरिश स्टाउटचा आस्वाद घेऊन झाला, अशी एक समजूत रूढ आहे. ती मला मान्य नाही.

मुळात ‘स्टाउट’ हेच एक विशेषण. अठराव्या शतकात लंडनच्या श्रमिकांत रुजलेली काळसर बिअर म्हणजे पोर्टर. तिचा कडक प्रकार तो ‘स्टाउट पोर्टर’. ही लंडनची बिअर डब्लिनने आपलीशी केली. गिनेसने तर 1799मध्ये एल बंद करून सारी भिस्त पोर्टरवर ठेवली. पुढे विशेषणाने नामच गिळले. डब्लिनकर जिला नुसते ‘प्लेन’ म्हणत, जिच्यावरचे खट्याळ स्तुतिपद फ्लॅन ओब्रायनच्या 1939च्या ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्‌स’ या कादंबरीत आहे, ती साधी पोर्टर गिनेसने 1970च्या दशकात बंद केली. 1996मध्ये डब्लिनच्या टेम्पल बार भागात पोर्टरहाउस सुरू झाले आणि त्यांच्या ‘प्लेन पोर्टर’ने ते नाव परत आणले.

आता अशा पोर्टरला ‘पातळ’ म्हणून हिणवले जाते. कोणत्या निकषावर? दाट, सायीसारख्या फेसाच्या! पण हा निकष 1959चा आहे. गिनेसमधल्या मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने नळाच्या बिअरमध्ये नायट्रोजन आणला. त्याचे बुडबुडे बारीक असतात आणि कार्बन डायऑक्साइडची चुणचुण कमी होते; ती मखमल म्हणतात ती हीच. तंत्र म्हणून ते थोरच आहे. परंतु नायट्रोजनविना बाटलीत भरलेली, कार्लोच्या ओ’हाराजची स्टाउट जिभेला टोचते म्हणून तिला ओबडधोबड ठरवणे, म्हणजे ओवीत काफिया सापडत नाही म्हणून ओवीला नापास करणे होय.

यावर ‘ज्याची त्याची जीभ’ हे उत्तर ठरलेले असते. आवड ज्याची त्याची असेल. मूल्यमापनाला मात्र कारणे द्यावी लागतात. ती लहान उत्पादकांच्या भक्तांनाही चुकत नाहीत. ‘लहान म्हणजे अस्सल’ हाही आळसच आहे. धान्य करपले तर राखेची चव येते, मग कारखाना लहान असो वा मोठा. आणि ज्या गडद काळेपणाला आपण पुरातन समजतो, तोही डॅनियल व्हीलरच्या 1817च्या भाजणीयंत्रामुळे साधला.

म्हणून प्लेन पोर्टर, ओ’हाराजची स्टाउट आणि त्यांचीच 6 टक्क्यांची ‘लान फोलॉन’ शेजारी शेजारी ठेवावी. फार गार असेल तर थोडे थांबावे, कारण थंडीत गंध दबतो. आधी वास, मग घोट. कडवटपणा हॉप्सचा की भाजलेल्या सातूचा? तो किती वेळ रेंगाळतो? विशेषण यानंतर शोधावे.

‘आस्वाद’ हा शब्द आपण वर्गात रोज वापरतो. ‘कवितेची प्रतिमासृष्टी तरल आहे’ असे लिहून कोणती प्रतिमा ते न सांगणाऱ्या उत्तरपत्रिकेला आपण गुण कापतो. तोच न्याय पेल्यालाही लागू करावा, एवढेच म्हणणे.