दारिद्र्याची मोजदाद

“आकड्यांनीं कोणाचें पोट भरत नाहीं” हें वाक्य आम्हीं आजवर अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे. संख्याशास्त्रांत तयार झालेल्या एखाद्या तरुणानें दारिद्र्याच्या संशोधनास वाहून घेण्याचें मनांत आणिलें कीं घरचीं माणसें त्याला हेंच ऐकवितात व बँकेची किंवा परदेशी कंपनीची वाट दाखवितात. लोकसेवकहि “आधीं काम करा, मग मोजा” असें म्हणून त्याची बोळवण करितात. हे दोन्ही पक्ष चुकत आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नगर जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. 2024 पासून सरकारदरबारीं अहिल्यानगर म्हणविणारा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा. उत्तरेस प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कालव्यांवर ऊंस उभा असतो. दक्षिणेस पाथर्डी-जामखेडकडील कुटुंबें दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन तोच ऊंस तोडण्यास घराबाहेर पडतात. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती. या सर्वांची बेरीज करून भागिलें म्हणजे जी सरासरी निघते, ती राहात्याच्या बागाइतदाराची नव्हे आणि जामखेडच्या मजुराचीहि नव्हे. शिवाय पाहणी करणारा माघांत गांवीं गेला, तर ज्याचें दारिद्र्य मोजावयाचें त्याच्याच दाराला कुलूप! सरासरी फोडून पाहणें व त्या कुलपामागचें माणूस शोधून काढणें हें फावल्या वेळचें काम नव्हे. त्याला आयुष्य द्यावें लागतें.

तसें तें देणारे आपल्यांत होऊन गेले आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत 1930 पासून खेड्यापाड्यांच्या पाहण्या करविणारे धनंजयराव गाडगीळ हेच लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. मोजणारा व करणारा हे निरनिराळे असतात, हा समज या जिल्ह्यांतच खोटा ठरला. त्याच संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं 1971 सालीं दाखवून दिलें कीं, 1960-61 च्या किंमतींनीं खेड्यांत दरमहा माणशीं 15 रुपये व शहरांत साडेबावीस रुपये एवढाहि खर्च करूं न शकणारे लोक खेड्यांत शेंकडा 40 व शहरांत शेंकडा 50 आहेत. मोजून ते थांबले नाहींत. सार्वजनिक कामें काढून रोजगाराची हमी द्यावी, असेंहि त्यांनीं सांगितलें. महाराष्ट्रानें रोजगार हमीचा 1977 चा कायदा केला, त्याचें श्रेय वि. स. पागे यांस व 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवास आहे हें खरें. पण मोजणाऱ्यांची साक्ष त्या बाजूनें उभी होती, हें विसरतां येत नाहीं.

आतां उलट बाजू पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं किती जणांस धान्य द्यावयाचें, हें 2011 च्या शिरगणतीवरून ठरलें. पुढील शिरगणती 2021 सालीं व्हावयाची, ती त्या वर्षीं झाली नाहीं; मधल्या काळांत वाढलेलीं तोंडें हिशेबाबाहेर राहिलीं. 2017-18 च्या खर्च-पाहणीचे निष्कर्ष सरकारनें दर्जाचें कारण सांगून 2019 सालीं रोखून धरिले. आकड्यांनीं पोट भरत नाहीं म्हणणारांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, आकड्यांवांचून तें उपाशी राहूं शकतें.

इतरांनीं जमविलेले तक्ते पुण्या-मुंबईंत बसून फिरविणारे व त्यावर निबंध लिहून बढती मिळविणारे पंडित आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु वैद्य अप्रामाणिक निघाला म्हणून वैद्यक कोणी टाकीत नाहीं. यावर उपाय एकच : जिल्हा परिषदेनें व नगरच्या महाविद्यालयांनीं मिळून तालुकावार पाहणीचें काम कायमचें हातीं घ्यावें, तें करणाऱ्या तरुणास प्राध्यापकाइतका पगार द्यावा, आणि पहिली पाहणी माघ महिन्यांत, कुलूप लागलेल्या घरांपासून सुरू करावी.