डोंगर जळतो, त्याचा धनी कोण?

शिमगा सरला की आमच्या जिल्ह्यातील डोंगरांवर रात्री तांबड्या माळा दिसू लागतात. अकोल्याकडील कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या रांगा घ्या, संगमनेर-पारनेरचे माळ घ्या, की नगरच्या उशाशी असलेले गर्भगिरीचे डोंगर घ्या. दरसाल तीच कथा. सरकारने २०२४ साली या जिल्ह्यास अहिल्यानगर हे नाव दिले. अहिल्याबाई चौंडीच्या धनगराची लेक. तिच्या नावाच्या जिल्ह्यात धनगराच्या मेंढरांचे गवत डोळ्यांदेखत राख होते, आणि नामकरणाचा गुलाल उधळणाऱ्यांपैकी कोणी त्या राखेकडे ढुंकून पाहत नाही.

गावात विचारावे तर उत्तर ठरलेले, "देवाची करणी!" बंधूंनो, देवाला काडी ओढण्याची गरज काय? चैत्रात आपल्या डोंगरावर वीज क्वचितच पडते. वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. कोणी विडी फेकतो, कोणी बांध पेटवून जेवायला घरी जातो, कोणी उसाचे पाचट जाळताना वाऱ्याकडे पाहत नाही, कोणी मधाच्या पोळ्याखाली धूर करून तसाच निघून जातो. भाताच्या रोपासाठी राब भाजणाराही भोवतालचा पालापाचोळा ओढून घेण्याचा कंटाळा करतो. भंडारदऱ्याकडे सहलीस येणारे चूल पेटवतात आणि निखारे तसेच सोडतात. ज्याचे कारण माणूस आहे, त्यावर उपायही माणसालाच करावा लागेल.

दुसरी एक समजूत आपल्याच घरात आहे, आणि ती आपणच उपटून टाकली पाहिजे. डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमाने येते, असे आपले म्हातारे सांगत आले. जळक्या जागी हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. परंतु दरसाल जाळ लागला की पवन्या, मारवेल ही चांगली गवते हटत जातात आणि कुसळी माजते. कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरते, कातडीत रुतते, तोंडात जखमा करते. म्हणजे चांगल्या चाऱ्यासाठी काडी लावायची आणि कुसळी पिकवायची, असा हा उफराटा धंदा आहे. शिवाय उघड्या झालेल्या उतारावरची माती पहिल्याच वळवाने खाली येते व पाझर तलावांत बसते. यांतील कितीएक तलाव १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी उन्हात खडी फोडून, माती वाहून बांधले. त्यांच्या घामाचे पाणी आपण गाळाने बुजवीत आहो.

नुकसान एकट्या शेतकऱ्याचे नाही. नांगराचे लाकूड शोधणारा सुतार, बांबूसाठी रान धुंडाळणारा बुरूड, घायपाताचा दोर वळणारा, शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधणारी बाई, या सर्वांची पेठ तो डोंगरच आहे. ती जळाली तर त्यांना पंचनामा कोण करून देणार?

मग आग दिसताच गाव धावत का नाही? याचे उत्तर जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, तेव्हाच जंगलखात्याने डोंगर व गायराने गिळली आणि गरिबाच्या शेळ्यांस जागा उरली नाही, ही तक्रार त्यांनी मांडली होती. जे आपले राहिले नाही, ते विझवायला कोण हात भाजून घेईल?

आणि कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९२७ चा जंगल कायदा आजही चालू आहे. त्याच्या ७९ व्या कलमाने रानात चराईचा वा लाकूडफाट्याचा हक्क वा परवाना असलेल्या माणसाने आगीची खबर द्यावी व ती विझविण्यास मदत करावी, अशी सक्ती आहे. सहलीस येणाऱ्याचे नाव त्या कलमात नाही. उलट २६ व्या कलमाप्रमाणे राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून वा घोर हयगयीने आग लावली, तर आरोपीस शिक्षा होऊनही सरकार तेथील चराईचे हक्क तहकूब करू शकते. एकाच्या विडीचा दंड साऱ्या गावाच्या गुरांनी भरावा, हा कोठला न्याय? अशा भयाने गुराखी खबर देण्याऐवजी गुरे हाकून दूर जातो. आता उपग्रहावरून आगीची सूचना वनखात्याच्या मोबाईलवर येते. परंतु उपग्रह आग पाहतो, विझवीत नाही. विझवायला माणसेच लागतात.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या मुलखात विमाने आहेत, बंब आहेत, पैसा अमाप आहे. तरी २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ हजारो घरे जळाली. तेथील रानांत गेल्या शतकात प्रत्येक आग विझवायची, पण मूळच्या रहिवाशांची मोसम पाहून थोडे थोडे जाळण्याची रीत बंद ठेवायची, असे धोरण होते. कितीएक रानांत त्यामुळे सरपण साचत गेले. यातून घेण्याचा धडा एवढाच की, आग लागण्याआधी तिचे खाणे काढून घ्यावे.

आमच्याकडे ते खाणे म्हणजे उभे वाळलेले गवत. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर पोपटराव पवार सरपंच असताना चराईबंदी व कुऱ्हाडबंदी केली आणि गवत विळ्याने कापून घरी नेण्याची रीत घातली. कापलेले गवत गोठ्यात गेले की वणव्याच्या वाट्याला काय उरते? आणि ज्या डोंगरावरून आपल्या म्हशीचा भारा येतो, त्याकडे बाईमाणूससुद्धा रात्री उठून पाहते.

म्हणून आमचे सरकारास सांगणे असे की, दिवाळीनंतर डोंगरचे गवत कापण्याचा हक्क लगतच्या गावांस द्यावा, त्यात भूमिहीन घरांचा व मेंढपाळांचा वाटा आधी काढावा. जाळरेषा शिमग्यापूर्वी काढाव्यात व ती मजुरी गावच्याच हातांस मिळावी. विझविताना जो भाजेल त्याच्या औषधपाण्याचा भार खात्याने उचलावा. सबंध गावाची चराई तहकूब करण्याचे हत्यार म्यानात ठेवावे.

आणि आपल्या लोकांस सांगणे असे की, बांध पेटवाल तर विझेपर्यंत तेथून हलू नका. आग चढावर झपाट्याने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगास उभे राहू नका; जळलेल्या बाजूने शिरा, ओल्या डहाळ्याने झोडपा. पोरांना नेऊ नका. वारा पडलेली पहाटेची वेळ साधा.

डोंगराचा धनी कागदावर कोणीही असो. तो जळाल्यावर ज्याची गुरे उपाशी राहतात, धनी तोच. धन्याने आपला हक्कही मागावा आणि राखणही करावी. यांपैकी एक सोडले तर दुसरे टिकत नाही.