शिरूर-दौंडचं पाणी आणि कचरा : नगरपरिषदा दोन, प्रश्न एकच

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षं प्रशासकांच्या हाती असलेला शिरूर आणि दौंडचा कारभार पुन्हा लोकांनी निवडून दिलेल्या माणसांकडे आला. निवडणूक कुठलीही असो, पाणी, गटार आणि कचरा हे तीन शब्द प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येतातच. पण हे तीन प्रश्न एकट्या नगरपरिषदेला सुटणारे आहेत का, असं सहसा कुणी विचारत नाही. आम्हाला वाटतं, नाहीत. का, ते समजून घेतलं तर आपल्या नगरसेवकाकडे काय मागायचं हेही कळेल.

आधी नकाशा पाहू. शिरूर घोड नदीच्या काठावर आहे. तिथे नदी ओलांडली की जिल्हाच बदलतो, पलीकडे अहिल्यानगर लागतं. दौंड भीमेच्या काठावर आहे. घोड पुढे जाऊन भीमेलाच मिळते. त्याच्या वरच्या बाजूला, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ, पुण्याहून येणारी मुळा-मुठा भीमेत येते. म्हणजे पुण्यात जे नदीत सोडलं जातं ते आधी शिरूर-दौंडच्या सीमेवरच्या गावांपुढून वाहतं, मग दौंड शहरापुढून, आणि शेवटी उजनीत जमा होतं. नदीला तालुक्याची हद्द कळत नाही.

आता गंमत बघा. दौंड नदीकाठचं गाव, पण पिण्याच्या पाण्यासाठी त्याला खडकवासल्याच्या कालव्याकडे डोळे लावून बसावं लागतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकूण साठवण सुमारे २९ टीएमसी. त्यातच पुणे शहर, शेतीची आवर्तनं आणि दौंड-इंदापूरसारखी गावं. पुण्याचा वापर वाढला की कालव्याच्या शेवटच्या टोकाला चिंता सुरू होते. पुण्याचं सांडपाणी शुद्ध व्हावं म्हणून जपानच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. खर्च सुमारे ९९० कोटी रुपये, क्षमता रोज ३९ कोटी ६० लाख लिटर. ही केंद्रं कधी आणि किती नीट चालतात, यावर दौंडच्या भीमेची तब्येत ठरते. पण हा निर्णय जिथे होतो त्या सभागृहात दौंडचा एकही माणूस बसत नाही. वरचा ठरवतो आणि खालचा भोगतो, अशी ही रचना आहे.

कचऱ्याचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांची लोकसंख्या प्रत्येकी ५० हजारांच्या आत होती. एवढ्या गावानं एकट्यानं शास्त्रीय भरावभूमी बांधायची म्हणजे तळाला अस्तर, झिरपणाऱ्या काळ्या पाण्याची प्रक्रिया, वजनकाटा, जाणकार अभियंता, आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालवायचा खर्च. तो पेलत नाही, म्हणून देशभरात लहान गावांचा कचरा शेवटी गावाबाहेरच्या ढिगावर जातो आणि ढीग पेटतो. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी यावर वाट सांगितली होती : साधारण ५० किलोमीटरच्या टप्प्यातल्या गावांनी खर्च वाटून घेऊन एकच सामाईक भरावभूमी करावी. पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावांसाठी मुदत होती तीन वर्षांची, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंतची. ती केव्हाच उलटून गेली.

हे जमण्यासारखं नाही असं कुणी म्हणेल, तर उत्तर याच दोन तालुक्यांत आहे. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा सामाईक प्रकल्प आहे. अनेक कारखाने आपला कचरा तिथे पाठवतात आणि त्याचे पैसे भरतात. दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ वसाहतीत रासायनिक कारखान्यांसाठी सामाईक सांडपाणी केंद्र आहे. कारखानदार एकमेकांचे स्पर्धक असतात, तरी कायद्याचा धाक आणि हिशेबाची सोय असली की ते खर्च वाटून घेतात. नगरपरिषदा तर स्पर्धकही नाहीत.

पाण्याचं उदाहरण ठाणे जिल्ह्यात सापडतं. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक ज्या भिवंडीत यंत्रमागावर राबतात, त्या शहराच्या पाण्याचा मोठा हिस्सा ‘स्टेम’ या कंपनीकडून येतो. तिचे मालक आहेत ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद. उल्हास नदीचं पाणी एकत्र उचलायचं, शुद्ध करायचं आणि ठरल्याप्रमाणे वाटायचं. भांडणं तिथेही होत असतील, पण भांडायला एक टेबल आहे. शिरूर आणि दौंडकडे तेच नाही.

मात्र ‘सामाईक’ या शब्दानं लगेच हुरळून जाऊ नये. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीत जात राहिला. कचरा शहराचा, वास आणि खराब झालेल्या विहिरी गावांच्या. गावकऱ्यांनी आंदोलनं केली. २०१७ मध्ये ती गावं महापालिकेत घेतली, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. यातून धडा एवढाच, की मोठ्यानं ठरवायचं आणि धाकट्यानं सोसायचं, याला सहकार्य म्हणत नाहीत. उद्या शिरूर-दौंडची भरावभूमी मधल्याच एखाद्या गावात करायची ठरली, तर त्या ग्रामपंचायतीला पहिल्या दिवसापासून मत, पैसा आणि तपासणीचा हक्क मिळायला हवा.

मग हे टेबल मांडायचं कुठे? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा नियोजन समिती दिली. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामाईक बाबी, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी आणि पर्यावरण हे तिचं काम घटनेतच लिहिलेलं आहे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. निवडणुकाच झाल्या नाहीत तेव्हा या जागा भरणार कशा? ही समिती आपल्याला माहीत आहे ती पालकमंत्र्यांच्या बैठकीपुरती आणि निधीच्या वाटपापुरती. तिचं मूळ काम मागे पडलं. आता लोकप्रतिनिधी आलेत, तर हा विषय तिथे मांडता येईल. शिरूरचा पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे अहिल्यानगरलाही सोबत घ्यावं लागेल.

यात आपल्या समाजाचं काय? बरंच काही. नळाला पाणी कमी आलं की फटका आधी दाटीच्या वस्तीला बसतो. घरात हंडा, मस्जिदीत वुजूचा हौद, दोन्ही रिकामे. कचऱ्याची गाडी आली नाही तर दोष सेवेला लागत नाही, ‘तो मोहल्लाच घाण’ असा शिक्का बसतो. बकरी ईदच्या तीन दिवसांत हे सगळ्यात जास्त जाणवतं. जनावरांचा टाकाऊ भाग उचलायला वेगळी गाडी आणि त्याच्या विल्हेवाटीची सोय लागते. एका लहान नगरपरिषदेला हा खर्च जड जातो, दोघींनी मिळून केला तर हलका होतो. आपल्या बाजूनं, काहीही नदीत किंवा गटारात जाणार नाही ही जबाबदारी प्रत्येक जमातीनं घ्यायला हवी.

पाण्यात सगळ्यांचा वाटा आहे ही शिकवण आपल्याला नवी नाही. मदिनेतल्या रूमा विहिरीची रिवायत आपण मुलांना सांगतो. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती स्वतःच्या पैशानं घेतली आणि सगळ्यांसाठी वक्फ केली. स्वतःची बादली मात्र इतरांच्या बरोबरीचीच ठेवली. पैसा ज्याचा जास्त त्याचा हक्क जास्त, असं तिथे नव्हतं.

तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न लेखी विचारू या. शेजारच्या नगरपरिषदेशी पाणी आणि कचऱ्याबाबत एकदा तरी संयुक्त बैठक झाली का? सामाईक भरावभूमीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला का? आणि जिल्हा नियोजन समितीत आपल्या गावाच्या पाण्याबद्दल कोण बोलणार? उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जावर सही एकट्याची नको, मोहल्ल्यातल्या सगळ्या जाती-धर्मांच्या शेजाऱ्यांची असू दे. त्यांच्या नळालाही हेच पाणी येतं.