सामाईक सर्व्हर, आपला गाळा

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली. पेठ सामाईक असली तरी दुकानाचा कारभार ज्याचा त्याचा. आज इथल्या छोट्या व्यापाऱ्याची वेबसाइटही बहुधा अशाच सामाईक सर्व्हरवर असते. मालाचा मोठा फोटो चढेना, की तो हताश होतो. कारण साधं आहे: अशी साइट बहुधा ज्या भाषेवर चालते, त्या पीएचपीमध्ये अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते. मुख्य 'पीएचपी डॉट आयएनआय' फाइल होस्टिंगवाल्याच्या ताब्यात असते. पण सर्व्हरवर पीएचपी सीजीआय किंवा एफपीएम पद्धतीने चालत असेल, तर २००९च्या ५.३ आवृत्तीपासून आपल्या फोल्डरात 'डॉट यूजर डॉट आयएनआय' ठेवून ही मर्यादा वाढवता येते. ८ एमबीच्या पुढे जायचं, तर पोस्टची मर्यादाही वाढवावी लागते. ही फाइल मुळात ३०० सेकंदांनी पुन्हा वाचली जाते, म्हणून पाच मिनिटं धीर धरा. सीजीआय किंवा एफपीएम असताना हीच सेटिंग 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये लिहाल, तर ५०० क्रमांकाची चूक येऊन साइटच बंद पडते. आपला हक्क जरूर वापरा, पण गरजेपुरताच. शेजाऱ्याचं दुकानही त्याच मशीनवर चालतं.