घराची ओल आणि बाईचा खोकला

“हिला ना, सर्दीचा कोठाच आहे!” हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी स्वतःबद्दल ऐकलं असेल, मोजदादच नाही. पावसाळा लागला की शिंकांची माळ, चोंदलेलं नाक, डोळ्यांना आणि टाळ्याला खाज, आणि रात्री दिवे मालवले की खोकल्याची ढास. सासूबाई आल्याचा काढा देतात, नवरा मेडिकलमधून दोन गोळ्या आणून देतो आणि ‘कोठा’ या एका शब्दावर विषय मिटतो. मला या शब्दाचा राग आहे. कोठा म्हटलं की कारण शोधायला नको. जणू बाई रुखवतात सर्दी घेऊनच आली!

माझं मत असं, की या कोठ्याचं मूळ पुष्कळदा घराच्या भिंतीत असतं. मी चिपळूणला राहते. चार महिने कपडे घरातच वलणीवर वाळत असतात, म्हणजे वाळत नसतातच. चपलांवर हिरवट थर, कपाटातल्या शालूला कुबट वास, पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. त्यात २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. चिखल आम्ही उपसला, पण भिंतीत मुरलेलं पाणी कोण उपसणार? माझ्या शेजारणीकडे दिवाळी उलटली तरी भिंतीचे पोपडे सुटत होते. प्लायवूडचं कपाट पुढे ओढलं तर मागची बाजू काळी ठिक्कर. त्या वर्षी पाऊस थांबला, तिचा खोकला थांबला नाही.

बुरशी म्हणजे नुसता डाग नव्हे. तिचे बीजाणू डोळ्यांना न दिसता हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम ओलसर घरात सहज वाढतात; अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम जास्त करून बाहेरच्या पालापाचोळ्यातून, मळणीच्या धुळीतून येतात. त्रास सगळ्यांना होत नाही. चौघांच्या घरात तिघे ठणठणीत आणि एकीलाच धाप, म्हणून तर तिला ‘नाजूक’ ठरवणं सोपं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वासाच्या तक्रारी आणि दमा यांचा धोका जास्त, असं त्यात स्पष्ट आहे. इतकी बुरशी चालेल असा आकडा मात्र त्यात नाही. ओल येऊ देऊ नका, आली तर काढा, एवढंच.

मग ओळखायचं कसं? साध्या सर्दीत अंग दुखतं, कधी ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, नाकातून पातळ पाणी येतं, खाज असते आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे जागा बदलली की फरक पडतो. “माहेरी गेली की हिचा खोकला बरा पळतो!” असा टोमणा ऐकलाय ना? मैत्रिणींनो, तो टोमणा नाही, ती नोंद आहे! डॉक्टरांना पहिल्यांदा तीच सांगा. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर महिनाभर खुणा करा: कुठल्या दिवशी त्रास झाला, कुठल्या खोलीत, काय करताना. माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा, की न्हाणीघराशेजारी झोपलो तेव्हा? ही चाचणी फुकट आहे.

यानंतर दवाखान्यातली चाचणी. अ‍ॅलर्जीसाठी स्किन प्रिक टेस्ट करतात. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून त्यातून त्वचेला हलकेच टोचतात. रक्तही येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ज्याची अ‍ॅलर्जी आहे तिथे डास चावल्यासारखी गांध उठते. आधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा, आणि खोकल्याच्या औषधातही असलं काही असतं, म्हणून बाटलीच बरोबर न्या. दमा जोरात असताना ही चाचणी करत नाहीत. गोळ्या थांबवणं शक्य नसेल तर त्या-त्या बुरशीसाठीची आयजीई ही रक्ताची तपासणी असते.

पण एक सांगते, कागदाला देव मानू नका. गांध उठली पण त्रास काहीच नाही, असंही होतं. आणि बुरशीचे अर्क सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे त्रास असून गांध न उठणंही शक्य असतं. नुसती ‘एकूण आयजीई’ वाढली म्हणजे बुरशीच, असंही नाही; पोटात जंत असले तरी ती वाढते. म्हणूनच शे-दीडशे वस्तूंची यादी असलेल्या महागड्या पॅकेजांवर माझा विश्वास नाही. हातात रिपोर्ट पडतो, त्यात वांगं, दूध, शेंगदाणे सगळ्यांपुढे खुणा, आणि बाई बिचारी महिनाभर वरण-भातावर. भिंत मात्र तशीच!

दोन गोष्टींकडे मात्र काणाडोळा नको. दमा असलेल्या काही जणांना अ‍ॅस्परजिलसमुळे छातीचा वेगळाच आजार होतो. खोकल्यातून तपकिरी गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात. आपल्याकडे अशा रुग्णांना क्षयाची औषधं दिली गेल्याचं छातीच्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवलंय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायलाच हवी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पण थुंकीत काही नाही आणि दमा जुना आहे, तर “अ‍ॅस्परजिलसची तपासणी करायची का?” हे विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट कोरड्या मुलखातल्या बायकांसाठी. ओल काय फक्त कोकणात असते? माझी नणंद अकोल्याला दिलीय. दोन उन्हाळ्यांपूर्वी फोनवर म्हणाली, “वहिनी, कूलर लावला की रात्री कणकण येते, आणि आता जिना चढतानाही दम लागतो बघा.” कूलरच्या पेंढ्यासारख्या ताट्या महिनोन्‌महिने ओल्या, खाली साचलेलं पाणी, बुरशीला आणखी काय हवं? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या अभ्यासात फुफ्फुसं कडक होण्याच्या आजाराचे १०८४ रुग्ण होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता आणि या निम्म्यांतल्या जवळपास निम्म्या घरांत कूलर. हा आजार हातावरच्या गांधीने कळत नाही. छातीचा स्कॅन लागतो, आणि “घरात कूलर आहे का, कबुतरं आहेत का?” असं विचारणारा डॉक्टर लागतो. त्याने विचारलं नाही तर आपण सांगायचं.

आणि आता खरी भांडणाची गोष्ट. भिंतीवरची बुरशी कोण काढतं? जिला खोकला आहे तीच, तीही कोरड्या केरसुणीने, म्हणजे सगळी पूड नाकात. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने, नाक-तोंड झाकून आणि खिडकी उघडी ठेवून पुसायचं, आणि ते काम घरातल्या ठणठणीत माणसाने करायचं. नवऱ्याला जमतं, करून बघा! ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. वरून रंग मारला तर पुढच्या पावसात ठिपके परत. गळका पाइप, तडकलेली गच्ची, तुंबलेलं गटार, खर्च तिथे करायला हवा. टीव्हीचा हप्ता निघतो, गच्चीच्या गळतीचं नाव काढलं की “पुढच्या वर्षी बघू.” बाईचा खोकला घरखर्चात बसत नाही, तो तिच्या स्वभावात जमा होतो.

शेजारणीने शेवटी तपासणी करून घेतली. अ‍ॅस्परजिलसच्या जागी चांगली टपोरी गांध उठली. डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि “घरात ओल कुठे आहे?” असं विचारलं. तिने तो रिपोर्ट आणि भिंतीचे मोबाइलवर काढलेले फोटो घरमालकापुढे ठेवले. महिनाभर त्याने टाळाटाळ केली, मग न्हाणीघराची भिंत फोडली, आतला पाइप बदलला. तिचा पलंग अजूनही भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला आहे. येणारे-जाणारे विचारतात, “हा असा मध्येच काय?” ती त्यांना पलंगामागे नेऊन भिंत दाखवते.